लेविन यांच्या हातून निसटलेला निवडुंग

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत वाढणारा ‘सॅन पेद्रो’ हा उंच, खांबासारखा निवडुंग अमेरिका व युरोपातील रोपवाटिकांमध्ये शोभेचे झाड म्हणून सहज विकत मिळतो. त्याच्या गरात ‘मेस्कलीन’ हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य असते. ते घरच्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर वेगळे काढण्याचा नाद जडलेली हौशी मंडळी त्या देशांत आहेत. अमेरिका व ब्रिटनसारख्या देशांत झाड बाळगणे हा गुन्हा नाही. त्यातून द्रव्य काढणे मात्र गुन्हाच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या कराराने मेस्कलीनला सर्वाधिक कडक नियंत्रणाच्या यादीत टाकले आणि भारतातील १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही त्याचा समावेश आहे.

कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी या छंदात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. निवडुंगात काय असते हे ठाऊकच आहे, ते फक्त बाहेर काढायचे, अशी ही समजूत. प्रत्यक्षात ही ‘ठाऊक’ असलेली गोष्ट ठाऊक होण्यासाठी जर्मनीतील दोन निष्णात शास्त्रज्ञांना मिळून सुमारे दहा वर्षे खर्ची घालावी लागली. त्यांपैकी ज्याने प्रथम या निवडुंगाला प्रयोगशाळेत आणले, ज्याचे नावही त्या निवडुंगाला मिळाले, त्याच्या हाती ते द्रव्य लागलेच नाही. विषशास्त्राच्या इतिहासातील ते एक मोठे नाव आहे : लुई लेविन.

लेविन यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८५० रोजी पश्चिम प्रशियातील टुखेल या गावी झाला. आज हे गाव पोलंडमध्ये आहे. आई-वडील रशियाच्या अमलाखालील प्रदेशातून आलेले गरीब ज्यू. मुलगा लहान असतानाच हे कुटुंब बर्लिनला आले आणि पूर्वेकडून येणाऱ्या ज्यू निर्वासितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत राहू लागले. घरात पैसा नव्हता, शिक्षणाची ओढ मात्र होती. ज्यू प्राथमिक शाळा, त्यानंतर बर्लिनमधील उच्च माध्यमिक शाळा आणि मग बर्लिन विद्यापीठाचा वैद्यकीय अभ्यासक्रम, असा मार्ग या मुलाने गाठला. १८७५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता अ‍ॅकोनिटीनचा हृदयावर होणारा परिणाम. अ‍ॅकोनिटीन हे आपल्याकडे बचनाग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या कुळातील जहाल विष. विषांशी लेविन यांची संगत जुळली ती इथे, आणि पुढची चौपन्न वर्षे ती सुटली नाही.

म्युनिकमध्ये काही काळ काढून ते बर्लिनला परतले आणि ऑस्कर लीब्राइख यांच्या औषधशास्त्र संस्थेत साहाय्यक झाले. लीब्राइख हे त्या काळचे नामांकित अध्यापक. क्लोरल हायड्रेटचा झोपेचे औषध म्हणून उपयोग होतो हे १८६९ मध्ये दाखवून देणारे तेच. १८८१ मध्ये लेविन यांना विद्यापीठात अध्यापनाचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षी औषधांच्या दुष्परिणामांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. औषध म्हणजे केवळ उपकारक वस्तू असे मानण्याच्या त्या काळात, प्रत्येक औषध कोणाला तरी अपाय करते आणि त्या अपायांची पद्धतशीर नोंद ठेवली पाहिजे, असे सांगणारा हा बहुधा पहिलाच ग्रंथ. आज औषधाच्या वेष्टनातील बारीक अक्षरांतला कागद आपण न वाचता फेकून देतो. त्या कागदाचा वंशवृक्ष शोधत गेल्यास या ग्रंथापाशी पोहोचता येईल.

इतक्या उमेदीने सुरू झालेली कारकीर्द विद्यापीठात मात्र पुढे सरकली नाही. त्या काळच्या जर्मनीत ज्यू विद्वानापुढे एक वाट नेहमी खुली असे. बाप्तिस्मा घ्यायचा, नाव नोंदवायचे आणि पूर्ण प्राध्यापकपदाची वाट मोकळी करायची. अनेकांनी ती पत्करली. लेविन धार्मिक वृत्तीचे होते आणि स्वभावाने ताठ. त्यांनी ती पत्करली नाही. परिणामी प्राध्यापक ही उपाधी त्यांना पुढे मिळाली, पण विद्यापीठाची संस्था, तिचे अनुदान आणि साहाय्यकांचा ताफा कधीच मिळाला नाही. बर्लिनच्या त्सीगेलस्ट्रासे या रस्त्यावर त्यांनी स्वतःची खासगी प्रयोगशाळा थाटली आणि हयातभर तिथेच संशोधन केले, विद्यार्थी शिकवले. व्याख्यानाला गर्दी होत असे, परदेशातूनही विद्यार्थी येत. स्वभाव मात्र तापट होता आणि वादात माघार घेणे त्यांना जमत नसे, हेही सांगितले पाहिजे. विद्यापीठाने त्यांना दूर ठेवले याचे मुख्य कारण धर्म हे खरे. परंतु मित्र जोडण्याची कलाही त्यांच्यापाशी फारशी नव्हती.

व्यसन हा लेविन यांच्या आस्थेचा विषय होता. मॉर्फिनच्या सवयीचा अभ्यास त्यांनी तरुणपणीच सुरू केला होता. १८८४ मध्ये व्हिएन्नातील एका तरुण डॉक्टरने कोकेनची भलावण करणारा निबंध लिहिला आणि मॉर्फिनचे व्यसन कोकेनने सोडवता येते असा आशावाद पसरला. तो डॉक्टर म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. या कल्पनेला ज्यांनी लगेच विरोध केला त्यांत लेविन होते. एक व्यसन दुसऱ्याने जात नाही, दोन्ही एकत्र नांदू लागतात, हा त्यांचा मुद्दा. काळाने तो खरा ठरवला.

माणसे सवयीने ज्या वनस्पती चघळतात, पितात, ओढतात त्यांच्याकडे त्यांचे लक्ष वळले ते याच ओघात. १८८६ मध्ये पॅसिफिक बेटांवरील ‘कावा’ या पेयावर त्यांचा प्रबंध आला. १८८९ मध्ये त्यांनी हात घातला तो आपल्या अंगणातल्या विषयाला. सुपारी, नागवेलीचे पान आणि विडा खाण्याची प्रथा यांवरील त्यांचे पुस्तक त्या वर्षी निघाले. दिवसभर पानाचा डबा उघडझाप करणाऱ्या समाजाला विडा हे व्यसन वाटतच नाही; बर्लिनमधल्या या विषतज्ज्ञाने मात्र सुपारी, चुना आणि पान यांचा संयोग शरीरावर काय करतो याची रसायनशास्त्राच्या अंगाने तपासणी केली.

या दोन पुस्तकांच्या मधल्या काळात निवडुंग त्यांच्या आयुष्यात आला.

पेयोटी हा निवडुंग टेक्सासच्या दक्षिण टोकाला आणि उत्तर मेक्सिकोत उगवतो. त्याला काटे नसतात. जमिनीलगत बसलेल्या राखाडी-हिरव्या उशीसारखे त्याचे रूप. वाढ इतकी सावकाश की पूर्ण आकार यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. मेक्सिकोतील हुइचोल व इतर जमाती त्याला देवाचे रूप मानतात. टेक्सासमधील गुहांत सापडलेले पेयोटीचे नमुने सुमारे ५७०० वर्षांपूर्वीचे असल्याचे तपासणीत दिसून आले आहे. स्पॅनिश धर्मन्यायालयाने १६२० मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली, तरी प्रथा टिकून राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या राखीव प्रदेशांत कोंडल्या गेलेल्या कोमांची, कायोवा आदी जमातींमध्ये ती नव्याने पसरली. वाळवलेल्या पेयोटीच्या चकत्या बटणासारख्या दिसत, म्हणून गोरे लोक त्यांना मेस्कल बटणे म्हणत. हे नाव निव्वळ गोंधळातून आलेले आहे. मेस्कल हे घायपातीच्या जातीच्या झाडापासून काढलेल्या दारूचे नाव. तिचा या निवडुंगाशी काही संबंध नाही. मेस्कलीन हा शब्द अशा चुकीच्या नावावरून पडला.

१८८७ मध्ये डॅलसचे डॉक्टर जॉन ब्रिग्ज यांनी असे एक बटण थोडेसे खाऊन पाहिले. हृदयाचे ठोके इतके वाढले की त्यांना जिवाची भीती वाटली. त्यांनी हा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात छापला. डेट्रॉइटमधील पार्क-डेव्हिस ही औषध कंपनी नवनव्या वनस्पतींच्या शोधात असे. तिने ही बटणे मिळवली. त्याच वर्षी लेविन अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. डेट्रॉइटहून त्यांना ही बटणे मिळाली आणि ती घेऊन ते बर्लिनला परतले.

सुकलेली बटणे पाण्यात भिजवल्यावर फुगून पुन्हा निवडुंगाचा आकार घेतात. बर्लिनच्या वनस्पती संग्रहालयातील पाउल हेनिंग्ज यांनी ती पाहिली, ही नवी जात आहे असा निर्वाळा दिला आणि तिला लेविन यांचे नाव दिले : अनहालोनियम लेविनी. १८८८ मध्ये लेविन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. निवडुंगाच्या कुळात अल्कलॉइड, म्हणजे अफू वा कुचल्यात आढळतात तशी तीव्र वनस्पतिजन्य द्रव्ये, नसतात असा तोवर समज होता. लेविन यांनी अनहालोनीन नावाचे स्फटिकरूप अल्कलॉइड वेगळे करून तो समज मोडला. बेडूक व अन्य प्राण्यांना ते टोचले असता कुचल्याच्या विषासारखे आचके येत असल्याचे त्यांना दिसले. निबंध खळबळजनक ठरला.

मात्र पेयोटी खाणाऱ्या माणसाला आचके येत नाहीत. त्याला मिटल्या डोळ्यांपुढे रंग आणि आकृती दिसतात. त्या कशाने दिसतात, हा प्रश्न लेविन यांच्या निबंधात अनुत्तरितच राहिला. बेडूक काय पाहतो हे बेडूक सांगू शकत नाही, आणि लेविन यांचे प्रयोग प्राण्यांपाशीच थांबले होते.

इथे दुसऱ्या शास्त्रज्ञाचा प्रवेश होतो. आर्थर हेफ्टर हे लाइप्झिगचे; जन्म १५ जून १८५९. आधी रसायनशास्त्र आणि मग वैद्यक, असे दुहेरी शिक्षण त्यांनी घेतले होते. त्यांनीही हाच निवडुंग अभ्यासाला घेतला, पण मेक्सिकोहून आलेल्या त्यांच्या नमुन्यांतून निघाले ते वेगळेच अल्कलॉइड. १८९४ मध्ये त्यांनी ते जाहीर केले आणि त्याला पेलोटीन असे नाव दिले. हेफ्टर यांनी ते स्वतः घेऊन पाहिले. झोप आली, बाकी काही नाही. काही काळ झोपेचे औषध म्हणूनही त्याचा वापर करून पाहण्यात आला. लेविन यांना हे मान्य होणारे नव्हते. त्याच वर्षी त्यांनी आपला दुसरा निबंध प्रसिद्ध करून आपला दावा पुन्हा मांडला. दिसायला एकच असलेल्या निवडुंगातून दोन प्रयोगशाळांत दोन भिन्न द्रव्ये निघत होती, आणि चूक कोणाची यावरून दोघे हिरिरीने भांडत होते.

चूक कोणाचीच नव्हती. एकसारखे दिसणारे हे निवडुंग दोन प्रकारचे होते. एकात जवळजवळ केवळ पेलोटीन, तर दुसऱ्यात अनेक अल्कलॉइडचे मिश्रण. हा भेद रसायनांवरून हेफ्टर यांच्या लक्षात आला होता, वनस्पतिशास्त्राला मात्र तो मान्य व्हायला फार उशीर लागला. पेलोटीनयुक्त जातीला स्वतंत्र जात म्हणून आजचे नाव मिळाले ते १९६७ मध्ये, मेक्सिकोच्या वनस्पतिशास्त्रज्ञ हेलिया ब्राव्हो यांच्याकडून.

हेफ्टर यांनी मग लेविन यांच्या नावाचा निवडुंग घेतला आणि त्यातील घटक एकेक करून वेगळे केले. चार अल्कलॉइड हाती आले. लेविन यांचे अनहालोनीन त्यांत होतेच. त्यांचे प्राण्यांवर प्रयोग झाले, पण ते पुरेसे नव्हते. तेव्हा हेफ्टर यांनी प्रत्येक घटक, शुद्ध रूपात, तोलून, वेगवेगळ्या दिवशी स्वतः घेतला आणि प्रत्येक वेळी नाडी, मळमळ, दृष्टी यांची वेळेनिशी नोंद ठेवली. बहुतेक घटकांनी केवळ त्रास दिला. २३ नोव्हेंबर १८९७ रोजी त्यांनी मेस्कलीन घेतले. आधी कागदावर हिरवे-जांभळे ठिपके उमटले, मग मिटल्या डोळ्यांपुढे गालिच्याची नक्षी, रंगीत फिती, इमारती आणि निसर्गदृश्ये येऊ लागली. सोबत मळमळ आणि डोकेदुखीही होती. पेयोटीचा परिणाम या एका द्रव्यामुळे होतो हे त्या दिवशी सिद्ध झाले.

लेविन यांनी स्वतः ते घेतले नाही म्हणून शोध हुकला, असे सरळ म्हणणे सोपे आहे. पण औषधांच्या दुष्परिणामांवर ग्रंथ लिहिणाऱ्या, विषबाधेने मेलेल्यांच्या नोंदी आयुष्यभर गोळा करणाऱ्या माणसाने अज्ञात द्रव्य तोंडात घालण्यापूर्वी थबकावे यात नवल नाही. आणि हेफ्टर यांचे धाडस म्हणजे बेफिकिरी नव्हती. आपण काय घेत आहोत, किती घेत आहोत आणि ते किती शुद्ध आहे हे त्यांना माहीत होते; ते कळावे म्हणून आधीची काही वर्षे त्यांनी घालवली होती. आजच्या घरगुती हौशी प्रयोगकर्त्याजवळ नेमकी हीच तीन उत्तरे नसतात. एकाच जातीच्या दोन झाडांत द्रव्याचे प्रमाण कमी-अधिक असते, तो काढतो ते मिश्रण असते आणि त्यात वापरलेले रसायन किती उरले हे सांगायला त्याच्याकडे तराजूही धड नसतो. बंद स्वयंपाकघरात पेट घेणाऱ्या द्रावणांचा धोका निराळाच.

दोघांच्या वाटा पुन्हा एकदा एकमेकींना छेदून गेल्या. १९०८ मध्ये लीब्राइख यांचे निधन झाले आणि बर्लिनच्या ज्या संस्थेत लेविन यांनी उमेदवारी केली होती, तिचे प्रमुखपद हेफ्टर यांच्याकडे आले. लेविन त्सीगेलस्ट्रासेवरच राहिले. कटुता त्यांच्या मनात किती होती हे कल्पनेवर सोडलेले बरे. काम मात्र थांबले नाही. कारखान्यांतील शिसे, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, बाणांना लावायची विषे, इतिहासातील विषप्रयोग, अशा विषयांवर त्यांचे ग्रंथ येत राहिले.

१९२४ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. नाव ‘फान्टास्टिका’. माणूस मनाची अवस्था बदलण्यासाठी जे जे घेतो त्या सगळ्याची त्यांनी पाच वर्गांत विभागणी केली. अफू व कोकेन सुखावणाऱ्या वर्गात. दारू, ईथर, क्लोरोफॉर्म मद धरवणाऱ्या वर्गात. कावा व झोपेची औषधे निद्राकारक वर्गात. चहा, कॉफी, तंबाखू आणि आपला विडा उत्तेजक वर्गात. पाचवा वर्ग भ्रम दाखवणाऱ्या द्रव्यांचा. त्यात पेयोटीच्या पंक्तीला त्यांनी भांग-गांजा आणि धोतरा बसवला. महाशिवरात्रीला शंकराच्या पिंडीवर वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्याला जगाच्या नकाशावर अशी जागा एका जर्मन विषतज्ज्ञाने दिली. वर्गीकरणातील तपशील आज बदलले आहेत, पण निरनिराळ्या समाजांच्या सवयी एकाच मापाने, तुच्छता न बाळगता तपासण्याची ही दृष्टी तेव्हा नवी होती.

अखेरच्या वर्षांत त्यांनी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील एका भ्रमकारी वेलीवर काम केले. तिच्यातून मिळालेल्या द्रव्याचा कंपवाताच्या रुग्णांना उपयोग होतो असे दिसून आल्याने वृत्तपत्रांतही त्याची चर्चा झाली. नंतर कळले की हे द्रव्य म्हणजे हरमलच्या बियांत सापडणारे, रसायनशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असलेले हार्मीनच. १ डिसेंबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये लेविन यांचे निधन झाले. हेफ्टर त्यांच्या आधीच, ८ फेब्रुवारी १९२५ रोजी वारले होते.

निवडुंगाला मिळालेले नावही टिकले नाही. वनस्पतिशास्त्राच्या नियमानुसार जुन्या नावाला अग्रक्रम मिळाला आणि पेयोटी आज लोफोफोरा विल्यम्सी या नावाने ओळखला जातो. बेसुमार तोडीमुळे त्याच्या रानटी जागा आक्रसत चालल्या आहेत आणि निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद संकटग्रस्त होऊ घातलेल्या जातींत झाली आहे. १९१८ मध्ये ओक्लाहोमात स्थापन झालेल्या नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या अनुयायांना आपल्या विधींसाठी तो मिळवणे वर्षागणिक कठीण होत गेले आहे.

इंग्रज लेखक अल्डस हक्सली यांना १९३१ मध्ये ‘फान्टास्टिका’ वाचायला मिळाले आणि ते भारावून गेले. मे १९५३ मध्ये त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेस्कलीन घेतले आणि पुढच्या वर्षी त्या अनुभवावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकामुळे ते द्रव्य जगभर पोहोचले. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी लेविन यांचे स्मरण केले आहे. मात्र वर्ष दिले १८८६, आणि लुईऐवजी नाव पडले लुडविग. बर्लिनच्या पूर्वेकडील हेलर्सडॉर्फ भागात १९९१ पासून मेट्रोच्या एका स्थानकाला लेविन यांचे नाव आहे. तिथल्या पाटीवर ते बिनचूक आहे.